फियाट १२४
फियाट १२४ : इटलीतील फियाट कंपनीने १९६६ ते १९७४ या काळात तूरिन येथे तयार केलेली मध्यम आकारमानाची चार दारांची कौटुंबिक मोटारगाडी. तिच्या मूळ आराखड्यावरून स्पेन, सोव्हिएट संघ, बल्गेरिया, तुर्कस्तान, दक्षिण कोरिया व भारत या देशांत निरनिराळ्या नावांनी गाड्या तयार झाल्या. या सर्व गाड्यांची एकत्रित संख्या मूळ इटालियन गाडीच्या कितीतरी पट भरते. इटलीत ही गाडी आठ वर्षांतच मागे पडली. रशियात मात्र तिच्या वंशातील शेवटची गाडी २०१२ मध्ये बाहेर पडली. एकच आराखडा इतक्या भिन्न देशांत गेला असता प्रत्येक ठिकाणी त्याचे काय झाले, हे पाहण्यासाठी मोटारगाडी उद्योगात यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर फियाटने लहान गाड्यांच्या बळावर इटलीला चाकांवर आणले. १९६० नंतर इटालियन मध्यमवर्गाची सांपत्तिक स्थिती सुधारली आणि दोन मोठी माणसे, तीन मुले व त्यांचे सामान प्रशस्तपणे नेऊ शकेल. पण किंमत, पेट्रोलचा खर्च व दुरुस्ती यांत परवडेल, अशा गाडीची मागणी वाढली. फियाटची १३०० ही गाडी या वर्गातील होती. परंतु ती अंगाने जड होती. तिच्या जागी संपूर्ण नवा आराखडा करण्याचे काम ऑस्कर मोंताबोने यांच्या देखरेखीखाली झाले, तर एंजिनाची रचना ऑरेलिओ लांप्रेदी यांनी केली. लांप्रेदी यांनी यापूर्वी फेरारी कंपनीसाठी शर्यतीच्या गाड्यांची एंजिने तयार केली होती.

रचना : गाडीची लांबी सुमारे ४ मी., पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर २·४२ मी. आणि वजन सुमारे ८५५ किग्रॅ. होते. तिला स्वतंत्र चौकट नव्हती. पोलादी पत्र्याची अंगबांधणीच सर्व भार पेलत असे. बाह्याकार जवळजवळ पेटीसारखा चौकोनी होता. त्याविषयी त्या वेळी थोडी टीकाही झाली. तथापि सपाट छत व उभ्या बाजू यांमुळे आत बसणाऱ्यांना डोके व खांदे यांपाशी भरपूर जागा मिळे आणि पत्र्याचे भाग साच्यातून काढणे सोपे जाई. पुढील काळात परदेशी कारखान्यांना हा दुसरा गुण विशेष उपयोगी पडला.

एंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना, अशी तिची मांडणी होती. चार सिलिंडरांच्या या एंजिनाची धारणा १,१९७ घ. सेंमी. असून ते ६० अश्वशक्ती निर्माण करी. भुजादंडाला पाच धारवे, म्हणजे बेअरिंगे, असल्यामुळे ते जास्त वेगातही फारसे थरथरत नसे. पुढील चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. मागील आस अखंड असला, तरी तो पात्याच्या स्प्रिंगांऐवजी मळसूत्री स्प्रिंगांवर बसविलेला होता. चारही चाकांना चकतीचे गतिरोधक, म्हणजे डिस्क ब्रेक, ही त्या किंमतीच्या गाडीत दुर्मिळ गोष्ट होती. १९६७ साली या गाडीस ‘युरोपातील वर्षाची सर्वोत्तम गाडी’ हा सन्मान मिळाला.

इटलीतच तिच्या काही आवृत्त्या निघाल्या. सामानासाठी मागे वाढविलेली ‘फामिल्यारे’, १,४३८ घ. सेंमी. एंजिनाची व चार दिव्यांची ‘स्पेशल’ (१९६८), तसेच दोन दारांची ‘कूपे’ आणि उघड्या छताची ‘स्पायडर’ या त्यांतील प्रमुख होत. स्पायडरला व कूपेला लांप्रेदी यांचे दुसरे प्रसिद्ध एंजिन बसविले होते. त्यात सिलिंडरांच्या माथ्यावर दोन कॅमदंड असून ते दातेरी रबरी पट्ट्याने फिरत. पीनीनफारीना यांच्या कारखान्यात तयार होणारी स्पायडर १९८५ पर्यंत चालू राहिली आणि तिचा मोठा हिस्सा अमेरिकेत विकला गेला. २०१६ मध्ये फियाटने हेच नाव एका नव्या गाडीस दिले. परंतु ती जपानी माझ्दा गाडीवर आधारलेली होती व मूळ १२४ शी तिचा नात्यापुरताच संबंध होता.

सोव्हिएट आवृत्ती : १९६५ मध्ये संपूर्ण सोव्हिएट संघात सुमारे दोन लक्ष प्रवासी मोटारगाड्या तयार झाल्या. एवढ्या प्रचंड देशाच्या मानाने ही संख्या नगण्य होती आणि त्यांतील बऱ्याच गाड्या सरकारी कामासाठी जात. सामान्य नागरिकाला खाजगी गाडी मिळावी असे धोरण कोसिगिन यांच्या शासनाने स्वीकारले. पण तेवढ्या मोठ्या उत्पादनाचा अनुभव देशातील कारखान्यांना नव्हता. म्हणून पाश्चात्त्य कंपनीकडून आराखडा, यंत्रे व कारखान्याची योजना अशा तिन्ही गोष्टी एकत्र घ्यावयाचे ठरले. फियाटचे प्रमुख व्हित्तोरिओ व्हाल्लेत्ता यांच्याशी मे १९६६ मध्ये प्राथमिक करार आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुख्य करार झाला. वर्षाला ६ लक्ष ६० हजार गाड्या तयार करू शकणारा कारखाना उभारण्याची ही योजना शीतयुद्धाच्या काळात पूर्व व पश्चिम यांच्यात झालेल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक व्यवहारांपैकी एक होती.

कारखान्यासाठी व्होल्गा नदीवरील तोल्याती हे शहर निवडण्यात आले. या शहराचे जुने नाव स्ताव्हरोपोल. कुइबिशेव्ह येथील जलविद्युत् प्रकल्पाच्या जलाशयात जुने गाव बुडाल्यानंतर ते उंचावर नव्याने वसविले होते. इटालियन कम्युनिस्ट पुढारी पाल्मीरो तोल्याती १९६४ मध्ये सोव्हिएट संघात असताना निधन पावले, तेव्हा शहराला त्यांचे नाव देण्यात आले. फियाटच्या करारामुळे हे इटालियन नाव पडले अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. नामकरण करारापूर्वी दोन वर्षे झालेले होते.

करारातील गाडी जशीच्या तशी घ्यावी, असे रशियन अभियंत्यांना वाटले नाही, आणि या आवृत्तीचे खरे महत्त्व येथेच आहे. इटलीहून आलेल्या नमुना गाड्या मॉस्कोजवळील द्मीत्रोव्ह येथील चाचणी मार्गांवर व देशातील खराब रस्त्यांवर चालविण्यात आल्या. थोड्याच काळात अंगबांधणीला चिरा पडू लागल्या. मागील चाकांचे चकतीचे ब्रेक तर अगदी निरुपयोगी ठरले. चकती उघडी असल्याने तिची उष्णता लवकर निघून जाते, हा तिचा गुण. परंतु त्याच उघडेपणामुळे चिखल व वाळू तिच्यावर बसते आणि ब्रेकची अस्तरे घासून संपतात. इटलीच्या डांबरी महामार्गावरील गुण रशियाच्या चिखलात दोष झाला. म्हणून मागील चाकांना जुन्या पद्धतीचे, बंद पिंपाचे ब्रेक बसविण्यात आले. तांत्रिक प्रगतीच्या दृष्टीने पाहता हे मागे जाणे होते, पण गाडी थांबण्याच्या दृष्टीने पाहता ते पुढचे पाऊल होते.

असे आठशेहून अधिक बदल करण्यात आले. अंगबांधणीचा पत्रा जाड करण्यात आला, जमिनीपासूनची उंची वाढविली गेली, मागील आसाच्या जोडण्या बदलून मजबूत केल्या. ओढून नेण्यासाठी कड्या आल्या आणि कडाक्याच्या थंडीत विद्युत् घटमाला मंद पडल्यास एंजिन हाताने फिरविता यावे म्हणून दांड्याची सोय ठेवली गेली. यामुळे गाडीचे वजन सुमारे ९० किग्रॅ. नी वाढले. सर्वांत मोठा बदल एंजिनात झाला. लांप्रेदी यांच्या मूळ एंजिनात कॅमदंड खाली असून झडपा लांब काड्यांनी उघडत. ही रचना कालबाह्य होत आहे असे सांगून सोव्हिएट बाजूने कॅमदंड माथ्यावर असलेले नवे एंजिन मागितले आणि फियाटने ते तयार करून दिले. धारणा १,१९८ घ. सेंमी. म्हणजे जवळजवळ तेवढीच राहिली. मात्र सिलिंडरांचा व्यास ७३ मिमी. वरून ७६ मिमी. करून दट्ट्याचा पल्ला कमी केला आणि सिलिंडरांमधील अंतरही वाढविले. ते अंतर वाढविण्याचा हेतू दूरदर्शीपणाचा होता. त्यामुळे पुढे तोच मूळ ठोकळा वापरून सुमारे १,३००, १,४५० व १,५७० घ. सेंमी. ची एंजिने काढता आली.

१९ एप्रिल १९७० रोजी, लेनिन जन्मशताब्दीच्या तीन दिवस आधी, पहिल्या सहा गाड्या जुळवून झाल्या. कारखान्याचे संक्षिप्त नाव ‘व्हाझ’ असल्याने गाडीचा अधिकृत क्रमांक व्हाझ २१०१ असा होता. कारखान्यासमोर व्होल्गेच्या पलीकडे असलेल्या टेकड्यांवरून तिला ‘झिगुली’ हे नाव मिळाले. परदेशात मात्र हा शब्द ‘जिगोलो’ या बदनाम शब्दासारखा ऐकू येत असल्यामुळे निर्यातीसाठी ‘लाडा’ हे नाव घेतले गेले. जुन्या स्लाव्ह भाषेत लाडा किंवा लाद्या म्हणजे शिडाची होडी. कारखान्याच्या बोधचिन्हातही ती दिसते. पुढे नव्या आवृत्त्या निघाल्यावर लोकांनी पहिल्या गाडीला क्रमांकातील शेवटच्या एकावरून ‘कोपेयका’, म्हणजे एक कोपेक, असे लाडके नाव दिले.

१९७५ च्या सुमारास देशातील प्रवासी गाड्यांचे वार्षिक उत्पादन सुमारे १२ लक्षांवर गेले. दहा वर्षांत झालेल्या या सहापट वाढीत तोल्यातीचा वाटा निम्म्याहून अधिक होता. तरीही खरेदीदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. २१०२ (मालवाहू कौटुंबिक), २१०३ (१९७२, चार दिव्यांची), २१०६ (१९७६), २१०५, २१०७ व २१०४ अशा आवृत्त्या एकामागून एक निघाल्या. त्यांचे दिवे, जाळ्या व आतील सजावट बदलली, परंतु दारांचे चौकटे व छताची रेषा पाहिली की मूळची १२४ ओळखू येते. यांतील अखेरच्या गाड्या २०१२ मध्ये ईझेव्हस्क येथे तयार झाल्या. सर्व आवृत्त्यांची मिळून संख्या १ कोटी ७० लक्षांहून अधिक भरते. एकाच आराखड्यावरून इतक्या संख्येने निघालेल्या गाड्यांत जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचा क्रम हिच्यावर लागतो.

निर्यातही मोठी होती. पूर्व युरोप व क्यूबा यांखेरीज ब्रिटन, फिनलंड व कॅनडा या देशांत लाडा तिच्या स्वस्त किंमतीमुळे खपत असे. न्यूझीलंडने तर १९८० नंतरच्या दशकात दुग्धपदार्थांच्या मोबदल्यात या गाड्या घेतल्या. ब्रिटनमध्ये ती विनोदाचा विषय झाली होती. पण थट्टा करणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसे की, आपण ज्या गाडीला हसतो आहोत ती १९६७ ची युरोपातील सर्वोत्तम गाडी आहे. काळ पुढे गेला आणि गाडी तेथेच थांबली, एवढाच फरक.

ती का थांबली याचे उत्तर गाडीत नसून अर्थव्यवस्थेत आहे. आराखड्यापेक्षा साचे व यंत्रे महाग असतात. साडेसहा लक्ष गाड्यांसाठी उभारलेली यंत्रसामग्री बदलण्याचा खर्च प्रचंड, आणि तयार होणारी प्रत्येक गाडी विकली जाणार हे निश्चित; अशा स्थितीत बदल करण्याची निकड उरत नाही. फियाटने स्वतः १९६९ मध्येच आडवे एंजिन व पुढील चाकांना चालना असलेली १२८ ही गाडी बाजारात आणली होती. म्हणजे तोल्यातीची पहिली गाडी बाहेर पडली, त्यापूर्वीच तिचा जन्मदाता दुसऱ्या मार्गाला लागला होता. परवान्यावर घेतलेले तंत्र घेणाऱ्याच्या हाती पडते तेव्हा ते देणाऱ्याच्या दृष्टीने बहुधा जुने झालेले असते. तथापि केवळ नकलेवरच सर्व थांबले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आठशे बदल करताना तयार झालेल्या अभियंत्यांनीच १९७७ मध्ये निवा ही गाडी काढली. स्वतंत्र चौकट नसलेली, मळसूत्री स्प्रिंगांची व चारही चाकांना कायम चालना देणारी ही गाडी त्यांची स्वतःची होती आणि तिची नक्कल पश्चिमेतील कोणाही गाडीची नव्हती.

इतर देशांतील आवृत्त्या : स्पेनमधील सेआत ही कंपनी १९५० मध्ये सरकारी भांडवल व फियाटचे सहकार्य यांतून स्थापन झाली. तिने बार्सेलोना येथे १९६८ पासून ‘सेआत १२४’ आणि पुढील वर्षापासून अधिक शक्तीची ‘सेआत १४३०’ तयार केली. १९७५ मध्ये जोर्जेत्तो जूजारो यांनी तिचे बाह्यरूप बदलून चौकोनी दिव्यांचे केले आणि निर्मिती पाम्प्लोना येथे हलविण्यात आली. १९८० पर्यंत दोन्ही मिळून सुमारे ९ लक्ष गाड्या निघाल्या. स्पेनमधील एका पिढीच्या आठवणीत टॅक्सी व पोलिसांची गाडी म्हणून हीच गाडी आहे. सुट्या भागांचे देशी पुरवठादार व मार्तोरेल येथील तंत्रकेंद्र (१९७५) या काळातच उभे राहिले. फियाटने साथ सोडल्यावर सेआत टिकून राहिली, यात या तयारीचा वाटा मोठा होता.

तुर्कस्तानात कोच उद्योगसमूहाच्या तोफाश कंपनीने बुर्सा येथे फेब्रुवारी १९७१ पासून ‘मुरात १२४’ या नावाने ती काढली. मुरात म्हणजे इच्छा; हिंदी-उर्दूतून आपल्या परिचयाचा झालेला ‘मुराद’ हाच तो मूळ अरबी शब्द. १९७६ मध्ये ती थांबली, परंतु स्वस्त गाडीची गरज भासल्यावर १९८४ मध्ये ‘सेर्चे’, म्हणजे चिमणी, या नावाने पुन्हा सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालली. बल्गेरियात लोव्हेच येथे १९६७ ते १९७१ या काळात फार अल्प संख्येने जुळणी झाली. दक्षिण कोरियात एशिया मोटर्स या कंपनीने १९७० ते १९७३ मध्ये ती तयार केली. ही कंपनी पुढे किआ समूहात गेली.

भारतातील आवृत्ती : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा फियाटशी जुना संबंध होता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’, ही मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे सर्वपरिचित आहे. मुंबईत नुसते ‘फियाट’ म्हटले की तीच समजली जाई. तिचा १२४ शी संबंध नाही. ती त्याहून जुन्या वंशातील असून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

१२४ भारतात आली ती वळसा घेऊन. स्पेनमधील निर्मिती थांबल्यावर सेआतचे साचे प्रीमियरने विकत घेतले आणि १९८५ च्या सुमारास ‘प्रीमियर ११८ एनई’ ही गाडी बाजारात आणली. तिचे अंग स्पेनहून आलेले इटालियन, तर एंजिन व दंतचक्र पेटी जपानच्या निस्सान कंपनीची. नावातील एनई ही अक्षरे ‘निस्सान एंजिन’ याचीच निदर्शक होत. १,१७१ घ. सेंमी. चे हे एंजिन सुमारे ५२ अश्वशक्ती देई. म्हणजे वीस वर्षांनंतर आलेल्या गाडीची शक्ती कागदोपत्री मूळ गाडीपेक्षा कमी होती. पण जपानी एंजिन शांत व काटकसरी होते आणि पद्मिनीची सवय झालेल्या ग्राहकाला हा फरक पहिल्या फेरीतच जाणवे. पुढे डीझेल एंजिनाची १३८ डी ही आवृत्तीही निघाली. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा व ही गाडी अशा दोनच देशी गाड्या त्या वेळी वरच्या मध्यमवर्गाला प्रतिष्ठेच्या वाटत. काँटेसाचे अंगही जुन्या ब्रिटिश व्हॉक्सॉल गाडीचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तोल्याती व मुंबई यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोन्हीकडे बंदिस्त बाजारपेठ होती, दोन्हीकडे ग्राहक रांगेत उभा होता. परंतु तोल्यातीत आराखडा नवा असताना, कारखान्यासह व बदलण्याच्या अधिकारासह घेतला गेला. मुंबईत परवाना पद्धतीमुळे कंपनीच्या उत्पादनक्षमतेवर व आयातीवर शासनाचे कडक नियंत्रण होते. नव्या आराखड्यात भांडवल गुंतविण्याइतका खप नव्हता. म्हणून वापरलेले साचे एका देशातून आणि एंजिन दुसऱ्या देशातून, अशी जुळणी करावी लागली. त्यातून चांगली गाडी निर्माण झाली, पण आराखडा करणारा वर्ग निर्माण झाला नाही. याचा दोष एकट्या कंपनीकडे देता येणार नाही. १९८३ पासून मारुतीच्या हलक्या गाड्या आल्या आणि १९९३ मध्ये मोटारगाडी उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. त्यानंतर परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्यांपुढे ११८ एनई चा टिकाव लागला नाही व विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची निर्मिती बंद पडली.

अद्याप चालू स्थितीत असलेल्या १२४ वंशीय गाड्या मुख्यतः रशिया, काकेशसमधील देश, ईजिप्त व क्यूबा येथे आढळतात. क्यूबात त्या टॅक्सी म्हणून वापरतात. तेथे तिचे काही भाग स्थानिक लोहारकामातच घडविले जातात. साधी रचना, मोकळी एंजिन-जागा आणि मोजक्या हत्यारांनी होणारी दुरुस्ती ही तिच्या दीर्घायुष्याची कारणे सांगितली जातात. भारतातील ११८ एनई मोजक्याच उरल्या असून त्यांचे एंजिन दुरुस्त होते. दारांच्या काचा व पत्र्याचे भाग मात्र दुसरी गाडी मोडीत निघाल्याखेरीज सहसा मिळत नाहीत.